हाफकिनची बाटली आणि तळ्यातला मासा

यावल-रावेर असो, चोपडा असो की शिरपूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला हाफकिन हे नाव ठाऊक असते ते सर्पदंशावरच्या इंजेक्शनमुळे. पोलिओच्या डोसाशीही ते जोडलेले आहे. नाव इतके अंगवळणी पडले, की तो एक हाडामासाचा माणूस होता हेच विसरायला झाले. वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि ही गोष्ट पुढे त्यांना बरीच महागात पडली.

आज त्यांची आठवण काढायला निमित्त माशांचे आहे. हतनूर, गिरणा, वाघूर या जलाशयांत मासेमारी चालते, शेततळ्यांतही रोहू-कटला सोडणारे वाढले आहेत. मासे मरायला लागले की पाण्यात काय टाकायचे, हा पहिला प्रश्न असतो. माशाला लस देता येते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. देता येते. नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत सोडण्याआधी सामन माशाच्या पिलांना पोटात लस टोचतात. तिथल्या मत्स्यशेतीत १९८७ साली जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली गेली होती. चांगल्या लशी आल्यावर दहा वर्षांत हा आकडा एका टनाच्या आसपास आला, आणि मासे मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त पिकू लागले. यातल्या जिवाणूंविरुद्धच्या लशींची मूळ कृती सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत जी चालली होती तीच आहे : जंतू वाढवायचे, मारायचे आणि मेलेले टोचायचे.

मेलेला जंतू जिवंत शरीराला शिकवतो काय आणि ते शिकतो कोण, हे हाफकिन यांच्या हयातीत कोणालाच सांगता आले नाही.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला, ज्यू कुटुंबातला. रशियात तेव्हा झारची सत्ता होती आणि ज्यूंवर हल्ले होत. १८८१ साली अशीच दंगल उसळली तेव्हा विद्यार्थी असलेले हाफकिन आपल्या लोकांच्या बचावाला उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. क्रांतिकारकांशी त्यांचे संबंध होतेच. त्यांच्यामागे उभे राहिले ते विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेच्निकोव.

या गुरूबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. मेच्निकोव १८८२ साली इटलीतल्या मेसिना बंदरात राहायला गेले. तिथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. शरीरातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. बाहेरून आलेले गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात, हा विचार तिथून पुढे आला. या भक्षक पेशींसाठी त्यांना १९०८ साली नोबेल मिळाले. प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा एक मोठा धडा असा समुद्रातल्या जिवावर गिरवला गेला. तारामासा हा नावापुरताच मासा, ही गोष्ट वेगळी.

शिष्य तेव्हा ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एकपेशीय जिवांवर काम करत होता. ज्यू असल्याने प्राध्यापकी मिळेना. धर्म बदलला तर मिळाली असती; त्यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, पाश्चर संस्थेत. मेच्निकोव आधीच तिथे पोचले होते. जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात हाफकिन पटकीच्या जंतूंवर प्रयोग करत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पटकीची आपली लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते कलकत्त्यात दाखल झाले. पटकीच्या लशीसाठी बंगालच्या वस्त्यांतून, आसामच्या चहामळ्यांतून केलेली पायपीट हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. तो प्लेग होता. सरकारने हाफकिनना बोलावले आणि ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या फौजफाट्यावर तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली.

ती कशी केली हे वाचताना स्वयंपाकघरात उभे असल्यासारखे वाटते. जंतूंना खाद्य म्हणून मांसाचा रस्सा लागतो. गाय आणि डुक्कर, दोन्ही वर्ज्य ठरणार हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाचे मांस घेतले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि खाली लोंबत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे. भांडे हलवले की सुळे तुटून तळाशी बसत आणि वर नवे वाढू लागत. अशा काही आठवड्यांच्या वाढीनंतर सगळे द्रावण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवायचे. जंतू मरत, पण उकळून त्यांचा लगदा होत नसे. ओळख पटण्याइतके त्यांचे रूप शाबूत राही. मर्म इथेच होते. शरीराला जंतू ओळखायला शिकवायचे तर मेलेल्याचा चेहरा शिल्लक राहायला हवा.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना यापेक्षा बरीच कमी मात्रा देत. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी स्वेच्छेने तयार झाले त्यांना टोचले गेले. बाकीचे तसेच राहिले. जेवण तेच, काम तेच, कोठड्या त्याच. न टोचलेल्यांत आजारी आणि मृत दोन्ही जास्त निघाले. पण मला स्वतःला जास्त पटते ते बडोद्याजवळच्या उंढेरा गावचे काम. १८९८ साली तिथे प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. म्हणजे छप्पर एक, उंदीर तेच, पिसवा त्याच. ज्या २८ घरांत पुढे प्लेग आला, त्यांत टोचलेले ७१ होते. त्यांतले ३ दगावले. न टोचलेले ६४. त्यांतले २६ गेले. आज असा प्रयोग नीतिसमिती करू देणार नाही, हे उघड आहे. पण आकडेशास्त्र बाल्यावस्थेत असताना इतकी स्वच्छ तुलना मांडणारा माणूस जंतूंइतकाच पुराव्याचाही अभ्यासक होता.

आता शिकणारा कोण, ते पाहू. पायाला काटा लागून चिघळले की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. प्लेगची गाठ हे त्याच ग्रंथीचे भयंकर रूप. मेच्निकोवांच्या भक्षक पेशींचे काही भाईबंद मेलेला किंवा जिवंत जंतू गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एखादा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून या ग्रंथीत येतात. तिथे पांढऱ्या पेशींची एक जात वाट पाहत असते : मदतनीस टी पेशी. अशा लाखो पेशींतली प्रत्येक एखाद्याच तुकड्याला ओळखते. जिला ओळख पटते ती भराभर दुप्पट-चौपट होते आणि कामाला लागते. स्वतः ती जंतू मारत नाही. बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला लावते, भक्षक पेशींना चेव आणते आणि काम संपल्यावर आपल्यातल्या काहींना आठवणीसाठी मागे ठेवते. शेतात मुकादम नसेल तर मजूर असूनही काम रखडते, तसे या पेशीवाचून होते. एचआयव्हीच्या रुग्णाची सीडी-फोर तपासणी होते, ती याच पेशींची मोजणी. त्या संपल्या की साधे जंतूही जिवावर उठतात.

बी पेशींना टी पेशींची मदत लागते हे १९६० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांतून समजले. हाफकिन जाऊन तेव्हा तीन तपे उलटली होती. ही पेशी माशांतही आहे, याचे पक्के पुरावे त्यानंतर हळूहळू येत गेले. माशाला लसिका ग्रंथी नसतात, त्यामुळे त्याला अवधाण येत नाही. रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाही नसते; ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. पण टी पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी माशाला असते, कल्ल्यांच्या पोकळीच्या वरच्या बाजूला. ज्या सीडी-फोर रेणूवरून आपण माणसातली मदतनीस पेशी ओळखतो, तो बहुतेक हाडाच्या माशांत एक नाही तर दोन प्रकारचा सापडतो. जबडा असलेल्या प्राण्यांचा उदय होऊन ४० कोटींहून अधिक वर्षे झाली. ही यंत्रणा साधारण तेवढी जुनी आहे. रोहूला टोचलेला मेलेला जंतू आणि उंढेऱ्याच्या शेतकऱ्याला टोचलेला मेलेला जंतू मूळ तत्त्वाने एकाच रस्त्याने जातात.

एक फरक मात्र मासे पाळणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा गरम असते. अमेरिकेत कॅटफिशवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की पाणी गार झाले की बी पेशी बऱ्यापैकी तग धरतात, पण मदतनीस टी पेशी मंदावतात. नवा जंतू ओळखायला शिकणे अडते. आधी शिकलेल्या पेशींवर थंडीचा परिणाम कमी होतो. जळगाव-धुळ्याकडे उन्हाळा भाजून काढणारा, तरी हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून जखमा होणारा जो रोग १९८८ पासून भारतात आहे, तोही थंडीच्या महिन्यांतच जोर धरतो. तो बुरशीसारख्या जिवाने होतो आणि त्यावर मेलेल्या जिवाणूची लस चालणार नाही. पण माशाची फौज थंडीत मुकादमाविना असते, हे दोन्हीकडे सारखेच. लस द्यायची असेल तर पाणी उबदार असताना द्यावी, हे यावरून उघड आहे.

नियमाला अपवादही आहे. अटलांटिकमधल्या कॉड माशाचा जनुकसंच नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वाचला, तेव्हा सीडी-फोरचे जनुक त्यात निकामी झालेले निघाले. टी पेशीसमोर तुकडा मांडणारा रेणूही नाही. म्हणजे मदतनीस पेशींची ही व्यवस्थाच हरवलेली. तरीही कॉड थंड समुद्रात धडधाकट जगतो. प्रतिकाराची दुसरी हत्यारे त्याने वाढवली असावीत. लस टोचूनही कॉडमध्ये प्रतिपिंडे का फारशी वाढत नाहीत, याचा उलगडा मात्र त्यातून झाला.

हाफकिन यांच्याकडे परत येऊ. मुंबईतून घाबरून पळालेल्या माणसांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांतल्या उंदरांबरोबर प्लेग रेल्वेने आत शिरला. भुसावळला तर लोहमार्गाची एक वाट नागपूरकडे आणि दुसरी थेट उत्तरेत जाते. खानदेशही सुटला नाही. घरात उंदीर पडले की गाव सोडून शेतात झोपड्या बांधायच्या, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडले. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रँडचा खून झाला, तो घराघरांत घुसून झालेल्या तपासण्यांच्या संतापातून. सरकारच्या हातातली प्रत्येक वस्तू संशयाची झाली असताना हाफकिन टोचण्याची सक्ती करा असे म्हणत नव्हते, स्वेच्छेवर त्यांचा भर होता. आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. त्यांनी प्रयोगशाळेला आपली जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ ला ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि आजही हाफकिन संस्था तिथेच आहे.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातल्या या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस दिली गेली. पाच बाटल्या फोडल्या होत्या. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. इतर चार बाटल्यांच्या लोकांना काहीही झाले नाही.

चौकशी समिती बसली आणि बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे वळले. जंतुनाशक म्हणून घालायचे कार्बोलिक आम्ल हाफकिन यांनी नव्या पद्धतीत वगळले होते, हा मुख्य ठपका. पाश्चर संस्थेत केवळ उष्णतेवर विसंबण्याची पद्धत चालत होती आणि ती पुरेशी होती, हे ऐकून घेतले गेले नाही. पुढे जी हकिकत उजेडात आली ती अगदी साधी आहे. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वाळेवर न धरता जंतुनाशकात नुसता बुचकळून त्याने बूच काढले. धनुर्वाताचे बीज मातीत असते आणि असल्या बुचकळण्याने ते मरत नाही. बाटली मुंबईतून निघून काही आठवडे झाले होते. आतच दूषित झाली असती तर उघडताना घाण वास सुटला असता. तसा वास आला नव्हता.

हाफकिन यांना पदावरून दूर केले. ना पदवीचा डॉक्टर, ना इंग्रज. त्यातून रशियातून आलेला ज्यू. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अनेकांना हा माणूस पहिल्यापासून खुपत होता. त्यांनी लंडनमध्ये राहून कागद गोळा केले, बाजू मांडत राहिले. पाच वर्षे गेली. जुलै १९०७ मध्ये, हिवतापाचा डास शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये सह्यांचे पत्र छापले, तेव्हा कुठे सरकार हलले. वर्षअखेरीस निर्दोष ठरवून त्यांना परत नेमले, पण मुंबईत नाही, कलकत्त्यात, आणि संशोधनाला हवी ती मोकळीक न देता. दरम्यान पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम थंडावली आणि तिथे प्लेगने पुढच्या काही वर्षांत लाखोंनी माणसे नेली. त्या साथीच्या दोन दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक बळी गेले. त्यांतले किती वाचले असते, याचा हिशेब कोणत्याच चौकशी समितीने केला नाही.

१९१४ मध्ये निवृत्त होऊन हाफकिन युरोपला गेले. लग्न केले नव्हते. उतारवयात ते धर्माकडे वळले, ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांना त्यांनी आपली मालमत्ता दिली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईतून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांचे तिकीट काढले.